चार नि चार

२१ फेब्रुवारी

टँकर आज आलाच नाही. बाराला शाळा सोडली, पोरं घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीवर पळाली. हेडसर म्हणाले, वेळापत्रक? म्हटलं, वेळापत्रकाला तहान लागत नाही. मग दिवसभर बोलले नाहीत. बरं झालं.

दुपारी निकाल हातात. नव्या लातूर जिल्ह्याची पहिली गणित स्पर्धा, पाचवी ते सातवी, आणि आमची सुनंदा दुसरी. पन्नासपैकी ४१. पहिल्या दोघांना औरंगाबादच्या फेरीला पाठवणार. तिची आई गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडते, तिथंच जाऊन सांगितलं. हातोडी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "म्हंजे माझी पोरगी औरंगाबादला जाणार?" म्हटलं, हाव. मुकादम ओरडला तेव्हा कुठं परत हातोडी उचलली.

गयाबाईचं नि माझं घर विहाराच्या मागं, भिंतीला भिंत. पाण्याची ही बोंब, तरी वस्तीत तीन घरी चहा घ्यावा लागला. फार आनंद झालाय. लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी

सुनंदा पाण्याच्या रांगेतून थेट माझ्याकडं. रिकामी घागर काखेत. "बाई, त्या वाफ्याच्या प्रश्नाला चार नि चार घेतलं तर बी येतंय की."

प्रश्न माझाच. स्पर्धा मंडळाला दहा पाठवले होते, त्यातला हा एक घेतला. आयताकृती वाफ्याची लांबी-रुंदी पूर्ण मीटरमध्ये आहे. क्षेत्रफळाचा आणि परिमितीचा आकडा सारखाच येतो. तर लांबी-रुंदी किती? उत्तर मीच लिहून दिलं, ६ आणि ३. दोन्हीकडं १८. सुनंदानंही तेच लिहिलेलं. पण ४ आणि ४ घेतलं तर दोन्हीकडं १६. चौरस हाही आयतच, चारही कोन काटकोन. पाचवीला दरवर्षी शिकवते. आणि वाफा म्हटल्यावर डोळ्यांपुढं लांबुळकाच आला.

पंधरा वर्षं खडू झिजवून ही अक्कल. ज्या लेकरानं ४ नि ४ लिहिलं असेल त्याला माझ्यामुळं शून्य.

२७ फेब्रुवारी

रजा टाकून लातूर. जाताना एस.टी.त उभी. मंडळाचं ऑफिस म्हणजे उसन्या खोलीत तीन खुर्च्या. कार्यवाह सरांनी पेपरांचा गठ्ठा दाखवायला तास लावला. ४ आणि ४ लिहिणारी एकच. निलंग्याकडची मुलगी, ४० गुण, तिसरी आलेली. उत्तरावर तांबडी फुली. प्रश्न तीन गुणांचा. म्हणजे तिचे ४३.

म्हणजे सुनंदा तिसरी. हे बसमध्येच कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक...

का. सर : "नवा जिल्हा, पहिलीच स्पर्धा, अन् पहिल्याच यादीत खाडाखोड?" त्यांच्या टेबलावरच्या कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव पेनानं खोडून वर लातूर लिहिलेलं. म्हटलं, सर, खाडाखोडीशिवाय तर जिल्हाच झाला नाही. आवडलं नाही त्यांना. लेखी द्या म्हणाले. तिथंच बसून दिलं.

२ मार्च

सुनंदाला सगळं सांगितलं. लपवू कशी, शोधलं तिनंच. पाटीवर आकडे मांडले तिनं. दुरुस्त केलं तर ती ४१, तिकडची ४३. प्रश्नच रद्द केला तर ती ३८, तिकडची ४०. पहिल्याला कशानंच धक्का नाही.

"बाई, मी निस्ती चुकीवरच वर हाय."

रडली नाही. मी घरी येऊन रडले.

४ मार्च

गयाबाई कामावरून थेट अंगणात. "पाटलाच्या नातीसाठी आपल्या लेकराला मागं ओढून राहिल्या? एवढं शिकून हेच शिकल्या?" निलंग्याची मुलगी पाटलांची, ही बातमी वस्तीत माझ्याआधी पोचलेली. म्हटलं, चूक माझी आहे. "मग तुमच्या पोरीचं नाव काढा की." मला पोरगी नाही हे तिला चांगलं ठाऊक. बोलली आणि निघून गेली.

भिंतीपलीकडं आज भाकरी थापल्याचाही आवाज नाही.

६ मार्च

भावाचं पत्र, उमरीहून. "ताई, इतकी वर्षं हक्काचं मिळू दिलं नाही कुणी. आता एकदा चुकून मिळालंय तर मिळू दे." दोनदा वाचलं. राग आला, कारण पटत होतं.

उलट टपाली लिहिलं. चुकून नको. आज चुकून मिळालेलं घेतलं, तर उद्या कष्टानं मिळवलेलंही हे लोक चुकूनच मिळालं म्हणणार. तुझ्या नोकरीलासुद्धा. मग तोंड वर करून बोलायचं कशाच्या जोरावर?

९ मार्च

का. सरांचा निरोप, हेडसरांच्या तोंडून. "प्रश्न बाईंचा, मुलगी बाईंची, अन् उत्तरही तिचंच बरोबर. उकरत बसलं तर बरंच काही निघेल म्हणावं." हेडसरांनी हे चहाचा घोट घेत सांगितलं.

म्हटलं, उकरा म्हणावं. दहातला कोणता घेतला ते मला पेपर वाटल्यावर कळलं. आणि मी तिला आधी सांगितलं असतं, तर आता चूक घेऊन तुमच्या दारात कशाला आले असते?

१४ मार्च

लातूर. मंडळाची बैठक. पाच गुरुजी, मी एकटी बाई. सुनंदा बाहेर बाकावर.

एक म्हणाले, लांबी अन् रुंदी सारखीच असेल तर लांबी कोणाला म्हणायचं? दुसरे म्हणाले, चौरस वेगळा, आयत वेगळा, सोपं आहे. मी फळ्यावर पुस्तकातली व्याख्याच लिहिली. समोरासमोरच्या बाजू समान? हो. चारही कोन काटकोन? हो. मग?

"तरी तो वेगळाच, बाई."

सगळ्या अटी पुऱ्या करूनही वेगळाच. लहानपणी शाळेतल्या माठापाशी ऐकलंय हे. डी.एड.ला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हाही ऐकलंय. आज तोंडातून निघून गेलं, सर, अटी पुऱ्या झाल्या की आत घ्यायचं असतं, चौरसालाही आणि माणसालाही. मग एक जण हसून म्हणाला, बाई भाषण चांगलं करतात. करते. त्यात काय.

सुनंदाला आत बोलावलं. का. सर म्हणाले, बाईंचं खरं धरलं तर तुझा नंबर जातो, कळतंय का? "हाव. पन चार नि चारला चूक कसं म्हनायचं, सर?"

मग मी मागणी टाकली. दुरुस्ती करा. निलंग्याच्या मुलीला पाठवा. आणि सुनंदालाही पाठवा. चूक मोठ्यांनी केली, दंड लेकरांना कशाला? जागा दोनच आहेत म्हणाले. दोन कोणी ठरवल्या, विचारलं. शेवटी ठरलं एवढंच की दुरुस्ती मान्य, निलंग्याची मुलगी जाणार, आणि तिसऱ्या जागेचं औरंगाबादला विचारून कळवतो. फेरी २४ तारखेला.

येताना बसमध्ये सुनंदा खिडकीशी. अर्धं जिंकून येताना इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

१८ मार्च

पत्र नाही. पुढच्या वर्षीच्या प्रश्नकर्त्यांत माझं नाव नाही, हे हेडसरांनी फार गोड आवाजात सांगितलं. नसू दे. प्रश्न काढायला मंडळाची परवानगी लागत नाही.

सुनंदा रोज सातला येते. आज तिला घनाचं दिलं, बाहेरून रंगवून सत्तावीस सारखे घन केले तर रंग न लागलेले किती. तिनं उत्तर सांगितलं आणि वर विचारलं, "बाई, दुसरं बी उत्तर असंल का याचं?" नाही म्हणायच्या आधी मी पुन्हा करून बघितलं.

२१ मार्च

पत्र नाही. पोस्टमनला बघून पोरंसुद्धा मान हलवतात आता.

ठरवलं. २३ला सुनंदाला घेऊन औरंगाबाद. सुनंदा नुसती हाव म्हणाली आणि वही बांधायला गेली.

संध्याकाळी गयाबाई दारात. सतरा दिवसांनी. "बिनपत्राचं आत घेतील?"

माहीत नाही, म्हटलं.

"मंग कशाला जाऊन राहिल्या?"

म्हटलं, नाही घेतलं तर पेपर सुटल्यावर एक प्रश्नपत्रिका मागून घेईन आणि दारातच हिला सोडवायला बसवीन. सगळ्यांदेखत, घड्याळ लावून. त्यांनी तपासो न तपासो, मी तपासीन. आणि किती आले ते आत जाऊन सांगीन.

उंबऱ्यावर बसली. खडीनं बोटं सोलवटलेली, त्यांच्याकडंच बघत होती. "तुमच्यावरचा राग गेला न्हाई माझा."

नको जाऊ दे, म्हटलं.

उठली, पदर खोचला. "मी बी येते. दोन दिवसांचा खाडा पडला तर पडू द्या."

२३ला सकाळच्या गाडीनं निघतो, तिघी. पत्र आलं तर घेऊन, नाही आलं तर तसंच.