चष्मेवाल्या खारीचे डोळे

मस्तगड, जालना
१३ एप्रिल १९५३

आज रुजू झालो! घनसावंगीत सात वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कुणाकडे शिकलो नाही, आणि आता मूलचंदशेठच्या शिळाछापखान्यात मुलांच्या पुस्तकाचा चित्रकार. मुखपृष्ठावर 'चित्रे : धर्मराज' छापायचं शेठनी कबूल केलंय. चष्मेवाली खार, पगडीवाला बेडूक, छत्रीवाला साळिंदर, सगळी मंडळी डोक्यात तयार आहेत.

इथे चित्र गुळगुळीत दगडावर, चरबीच्या शाईनं, उलटं काढायचं. छापलं की सुलट होतं. मला एक दुपार पुरली. माझी युक्ती मात्र जुनीच. प्राणी कुठलाही असो, डोळे मी दाढीच्या आरशात बघून स्वतःचेच काढतो. म्हणून ते जिवंत दिसतात.

१७ एप्रिल

शेठना खार फार शहाणी वाटते. चित्र रद्द. शिळा वाळू-पाण्यानं घासून कोरी करायची.

हे काम तीस वर्षं बदरोद्दीनचाचा करतात. ते म्हणाले, आधी खारीच्या डोळ्यांवर पापण्या काढा, मंग घासतो. उघड्या डोळ्यांवर वाळू घालत न्हाई, बिलकुल न्हाई. त्यांच्या उस्तादांपासूनची रीत म्हणे. मला हसू आलं. खारीला काय अंगाई म्हणून निजवू? शेवटी मीच घासली.

२४ एप्रिल

बेडकाला पगडी नको, टोपी हवी. साळिंदराची छत्री मिटलेली हवी. मिटवली, तर उघडीच बरी होती! वैतागलोय नुसता. मान मोडून काढायचं आणि पुसायचं. आठवड्यात पाच चित्रं घासली. चाचा दर वेळी पापण्यांचं सांगतात, म्हणून मी मुद्दाम डोळ्यांपासूनच घासायला सुरुवात करतो.

सकाळपासून डोळ्यांत काहीतरी खुपतंय. जालन्याची धूळच तशी आहे.

३० एप्रिल

डोळे धुतले तर तांब्याच्या झाकणीत बारीक करडी वाळू राहिली. शिळेवर घालतो तीच.

छापाचंही बिनसलंय. खारीचा चष्मा उमटतो, मिशा उमटतात, डोळ्यांच्या जागी कोरा कागद. शिळेवर डोळे नीट आहेत, तीनदा तपासले. शेठ म्हणतात चित्रात जीव नाही. येत्या गुरुवारपर्यंत पुस्तक पुरं झालं नाही तर काम हैदराबादच्या चित्रकाराला जाईल. माझं नाव जाईल. रडू येतंय रागानं.

४ मे

आरशात पाहिलं. बुबुळं फिकी झालीत, ओल्या बोटानं पुसल्यासारखी.

चाचांना दाखवलं. त्यांनी किती चित्रं घासली ते विचारलं. नऊ, परवाची खारही धरून. मग म्हणाले की तुमचे डोळे आता एकाच शिळेवर राहिलेत, बेडकाच्या. त्यावर आजच पापण्या काढा.

मी भडकलो. एवढं एकच चित्र शेठना पसंत पडलंय, एवढंच एक डोळ्यांसकट छापलं गेलंय. मिटल्या डोळ्यांचा बेडूक कोण घेईल? माझं नाव त्याच्याच भरवशावर आहे. नाही काढणार.

७ मे

दुपार आहे. ऊन अंगाला लागतंय, दिसत नाही. डोळ्यांपुढे नुसती करडी चादर. चाचांना हाका मारल्या, ते बदनापूरला लेकीकडे गेलेत.

ओळ सरळ येते की नाही —

८ मे

काम हैदराबादला गेलं. शेठ म्हणाले, पाट्याच रंगवा. सगळ्या शिळा आजच कोऱ्या करून हव्यात. कचरू हमालाला बसवलंय. त्याला रीत ठाऊक नाही —

बेडकाची शिळा शेवटी घे म्हणून त्याच्या हातापाया पडलो. त्यानं शाई दिली. चाचपडत पापण्या काढल्या. डोळ्यांवर बसल्या का, विचारलं.

त्यानं सांगितलं, दोन्ही टोपीवर आल्यात.

पुन्हा काढतो म्हटलं — तर म्हणतो शेठ वरडून राह्यलेत, जल्दी पायजे — हात धरून मला ओट्यावर आणून बसवलं. वही तेवढी हाताशी —

पाणी ओतल्याचा आवाज. तो तिकडे, दहा हातांवर. माझं कपाळ भिजलं —

थांब म्हणतोय, ऐकत नाही —

वरून घासत येतोय. टोपी गेली असेल. कपाळ सोलवटतंय — भुवया — कचरू, अरे, खाली माझे —