न वाचलेली वही

दि. ३ मार्च

चि. धाकोबास अनेक आशीर्वाद, वि. वि.

प्राध्यापक झालास तरी मला तू धाकोबाच. पदवीच्या शेवटच्या वर्षाची शेवटची स्वाध्याय-वही काल टपालात टाकली. विषय होता 'कुटुंबातील श्रमविभागणी'. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करता करता मनात वाक्यं जुळवायची आणि जेवणाच्या सुट्टीत उतरवायची. वाफेने पानं फुगतात, म्हणून वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवत होते. सोबतच्या बाया मला 'बॅरिस्टर' म्हणतात.

जूनमध्ये इथे नोंदणी-कारकुनाची जागा भरणार आहेत. पदवी हवी आणि वय पंचेचाळीसच्या आत. ऑगस्टमध्ये मला पंचेचाळीस पूर्ण होतील, म्हणजे ही गाडी चुकली की चुकलीच. वहिनीला सांग, तिच्या पाठीची चौकशी केली आहे. आठवण काढत जा.

तुझी,
ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बॅरिस्टरसाहेब, अभिनंदन! उशिरा लिहितोय, कारण घरात पाय ठेवायला जागा नाही. दूरशिक्षणाच्या वह्या तपासायचं काम यंदा माझ्याकडेही आलं आहे. वहीवर नाव नसतं, नुसता क्रमांक आणि व्यवसाय असतो. एकशे ऐंशी वह्या आणि चार दिवस! निम्मे लोक पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवतात. आता मला पहिल्या दोन ओळींतच चोर कळतो. तू मात्र निश्चिंत राहा, तुझ्यासारखं कोण मन लावून लिहितं? तिची पाठ बरी आहे. तब्येतीला जप.

तुझा,
धाकोबा

दि. २२ एप्रिल

चि. धाकोबास आशीर्वाद, वि. वि.

वही परत आली. शून्य गुण. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा आहे: भाषा स्वतःची नाही, नक्कल. खाली सही नाही. सहीची गरजही नव्हती. शब्द संपायच्या आधीच शिरोरेषा सोडून द्यायची ही खोड मोडायला मी तुझ्या बोटांवर किती पट्ट्या मारल्या, तरी ती गेली नाही.

त्या वहीत मी शाळा सोडलेल्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं. घरात एकाच्याच फीची सोय होती, म्हणून ती कामाला लागली आणि धाकटा शिकला. शेवटची दोन पानं सगळी त्या धाकट्याची होती. त्याचं कौतुकच होतं रे.

तक्रार म्हणून लिहीत नाही. फेरतपासणीला पंधरा दिवस आहेत. अभ्यासकेंद्रावरचा कारकून म्हणाला, भाषा तुमचीच आहे हे दाखवायला तुमच्या हातचं जुनं लिखाण जोडा. माझं लिखाण म्हणजे तुला लिहिलेली पत्रं. वीस वर्षांची आहेत. त्यातली कुठलीही दहा लगेच पाठव.

ताई

दि. २८ एप्रिल

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

काय तोंडाने लिहू? खरं सांगतो, तुझी वही मी वाचलीच नाही. पहिलं पान पाहिलं. इतकी नेटकी भाषा, आणि विद्यार्थ्याच्या व्यवसायाच्या रकान्यात 'धुलाई कामगार'. वाटलं, ही कुणाकडून तरी लिहून घेतलेली असणार. अक्षराकडे लक्षच गेलं नाही.

पत्रं नाहीत, ताई. घर बदललं तेव्हा हिने जुने कागद रद्दीत दिले, आणि मीही काही बोललो नाही.

एक विनंती आहे. फेरतपासणी मागू नकोस. या महिन्यात मला विभागप्रमुख करण्याचं घाटतं आहे. न वाचता शेरा मारला हे उघड झालं, तर सगळं मुसळ केरात. तू पुढच्या वर्षी वही पुन्हा दे, मी स्वतः जवळ बसून लिहून घेईन. एका वर्षाने काय बिघडतं? तू नेहमीच समजून घेत आलीस.

तुझा,
धाकोबा

दि. ५ मे

चि. बंधूस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस उशाखाली ठेवलं होतं. तू म्हणतोस तशी मी समजून घेत आले, हे खरं आहे. त्याची सवय मीच तुला लावली.

काल केंद्रावर जाऊन अर्ज दिला. कारकुनाने पुरावा मागितला. माझ्या हातचं लिखाण तर रद्दीत गेलेलं, म्हणून तुझं हे पत्र जोडलं. 'वाचलीच नाही' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली, म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसायला नको. त्याने विचारलं, पत्र लिहिणारे तुमचे कोण? रकान्यात सख्खा भाऊ असं लिहिलं. त्याने शिक्का मारला.

विभागप्रमुख तू पुढच्या वर्षीही होशील. एका वर्षाने तुझं काय बिघडतं?

तुझा लोभ यापुढे राहील की नाही, ते तू ठरव. माझा आहे तिथेच आहे. म्हणून तर पत्राला टाचणी लावताना दोनदा बोटात टोचली.

ताई