दिवेलागणीनंतरचं दही

आई, तू गेलीस त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, आणि जे तुला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगता आलं असतं ते मी आज कागदावर लिहिते आहे. टायफॉइड झाला म्हणून तुला कारखान्याच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी अकरावीत होते. जाताना तू एकच काम सांगितलंस. रोज विरजण लाव, उज्जैनहून आजीकडून आणलेलं आहे, मोडू देऊ नकोस. चौथ्या दिवशी मी ते मोडलं. होतं नव्हतं ते सगळं दही साखर घालून खाल्लं, आणि आठवण झाली तोवर दिवे लागले होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या आंटींकडे तुझंच विरजण होतं, पण दिवेलागणीनंतर ते द्यायचं नाही नि मागायचंही नाही, ही शिस्त तुझीच. मी टाउनशिपच्या फाटकाबाहेरच्या डेअरीतून दही आणलं आणि तेच दुधाला लावलं. दुसऱ्या दिवशी आंटींकडे जाता आलं असतं. काय सांगू त्यांना, या लाजेने गेले नाही.

तू घरी आलीस. अजून दिसतं मला, दहीभाताचा पहिला घास तोंडात धरून तू थांबली आहेस. "हे आपलं नाही गं," म्हणतेस. मी पाठ फिरवून म्हणते, "तेच आहे. तापाने तुझ्या तोंडाची चव गेलीय." तू जरा वेळ माझ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "असेल."

तुला ते इतकं पटेल असं वाटलं नव्हतं. त्यानंतर तू आमटीसुद्धा स्वतः चाखली नाहीस, चमचा माझ्यापुढे यायचा. वाळू घातलेल्या पातेल्यात तू दह्याचा केक भाजायचीस, क्वार्टरांच्या आख्ख्या लाइनीत त्याचं नाव होतं. दही किती आंबट आहे त्यावर सोडा ठरायचा, आणि ते तू बोट चाटून ठरवायचीस. बाबांच्या प्रमोशनला कारखान्यातल्या त्यांच्या शॉपमधली माणसं आली, त्या दिवशी तू मला विचारलंस. मी न चाखताच म्हटलं, "भरपूर आंबट आहे." केक साबणासारखा लागला. सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "चूक माझी. मला चवच राहिली नाही." मी प्लेटा उचलत होते. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं, माझी मलाच शरम वाटते.

गेल्या महिन्यात अवधपुरीला, शेजारच्या त्या आंटींच्या आताच्या घरी गेले. फार थकल्यात. वाटी पुढे करून म्हणाल्या, "तुम्हारी मम्मी का जामन है बेटा, आज तक टूटने नहीं दिया. ले जाओ, अभी दिया-बत्ती नहीं हुई." मी ते विरजण घरी आणून दुधाला लावलं. सकाळी एका वाटीत ते घेतलं, दुसरीत पाकिटातलं, आणि दोन्ही सावकाश खाल्ली.

हे पत्र डब्यांच्या कपाटात राहील. पण सांगून टाकते, आई, मला फरक कळला नाही. याच जिभेला विचारून तू शेवटपर्यंत मीठ घालत होतीस.