वजनापुरतं

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले ते सगळ्यांनी पाहिलं, पण माझा तुमच्यावर राग आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हालाही ते शेवटपर्यंत कळलं नसावं. मोंढ्यातली माणसं आली होती, हमाल, अडते, मुनीम. जो तो सांगत होता की इतकी वर्षं तोलारकी केली, पण या माणसानं कधी कुणाच्या मापात मारलं नाही. ते खरंच होतं. म्हणूनच मला तिथं काही बोलायला जागा नव्हती. आज लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात तुमच्या नातीच्या शाळेत मुलांची वजनं घेतली. तुम्ही तिला पाहिलं नाही, तुम्ही गेल्यावर ती झाली. आता आठवीत आहे, इथं लातुरात. तिच्या बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, मुलगी वयाच्या मानानं जाड आहे, घरात व्यायाम कुणी करतं का? मी नाही म्हणाले आणि मान खाली घालून बाहेर आले. शाळेच्या फाटकापाशी मला उदगीरचं ते मैदान आठवलं.

मीही आठवीतच होते. आईच्या शेजारी बसून गरम भाकरीवर तूप घेऊन खाणारी, बसल्या जागी तीन भाकरी संपवणारी. काकांच्या घरच्या लग्नात कुणीतरी बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरगी हाय का पोतं?" बाकीच्या बायका हसल्या. तुम्ही मागंच उभे होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला हलवून उठवलंत. "चल गं, पळायला जाऊ." आई चुलीपुढून म्हणाली, "पोरीच्या जातीला मैदानावर काय पळवता? लोक काय म्हणतील?" आणि तुम्ही म्हणालात, "म्हणू दे. पळणं काय पोरांच्याच बापाचं हाय का?" अण्णा, ते वाक्य मी कॉलेजात गेल्यावरही जपून ठेवलं होतं. मैत्रिणींना सांगायचे, आमचे अण्णा असे आहेत.

मग रोजची सकाळ. तुम्ही सायकलवर, मी पुढं. पहिल्या दिवसांत अर्ध्या मैदानात माझा जीव घशाशी येतो, मी गुडघ्यावर हात ठेवून वाकते आणि तुम्ही सायकल थांबवून नुसते वाट बघता. ओरडत नाही. "झालं? चल आता हळूहळू." घरी आल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ. एकदा मला मोंढ्यात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलंत, तर एक हमाल फिस्सकन हसला. तुम्ही त्याला असं काही बोललात की तो दिवसभर तुमच्यापुढं आला नाही. मला किती बरं वाटलं होतं! त्यानंतर अधूनमधून तुम्ही मला काट्यावर उभं करायचा, वजन सरकवायचा आणि समाधानानं मान हलवायचा. त्या मान हलवण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी आणखी जोरात पळायचे.

पुढं मला पळणंच आवडायला लागलं. वजनाचा विचार कधी सुटला ते कळलंही नाही. कॉलेजात खेळाच्या सरांनी मला हेरलं, लांब पल्ल्याच्या शर्यतीत घातलं, आणि लातूरला जिल्ह्यात मी पहिली आले. तुम्ही आला होता त्या दिवशी, कडेला टॉवेल घेऊन उभे. मी शेवटच्या वळणावर आले तेव्हा तुम्ही ओरडलात, "मागं बघू नको!" मग बाजारात नेऊन पळायचे खरे बूट घेऊन दिलेत, निळ्या पट्ट्यांचे. सर म्हणाले, आता नांदेडला विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, ही पोरगी नक्की जाणार. तुम्ही म्हणालात, मीच घेऊन जातो तिला.

एसटीत मी खिडकीपाशी बसले होते, बूट मांडीवर. तुम्ही कंधार येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, माझ्यापेक्षा तुम्हालाच धाकधूक आहे. नांदेडात उतरलो, तुम्ही रिक्षावाल्याला आत्याच्या गल्लीचं नाव सांगितलंत. मी म्हणाले, "अण्णा, मैदान तिकडं हाय का?" तुम्ही समोर बघत म्हणालात, "आधी आत्याकडं च्या घेऊ." आत्याच्या घरी पलंगावर पिवळी साडी काढून ठेवली होती. मी दारात उभीच. आत्या म्हणाली, "अशी काय बघून राहिलीस? तोंड धू, केस विंचर. औशाचे पाव्हणे आलेत." मी तुमच्याकडं वळले तर तुम्ही बैठकीत निघून गेला होता.

मी साडी नेसले. का नेसले, ते अजून सांगता येत नाही. आत्यानं सुशिल्याच्या, फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशा हातात दिल्या, आणि मी पडद्याआड उभी असताना तुमचा आवाज ऐकला. तोच आवाज, मोंढ्यात मालाबद्दल बोलताना असायचा तसा, खणखणीत. "लहानपणी लई अंगानं होती. मी सोता रोज सकाळी मैदानावर नेऊन पळवली तिला, एक दिस खाडा न्हाई. आता बघा की." मुलाच्या आईनं विचारलं, "लग्नानंतरबी पळायचं खूळ राहील का पोरीला?" आणि तुम्ही हसून म्हणालात, "छे छे! ते आपलं वजनापुरतं होतं."

माझ्या हातातल्या बशा पडल्या नाहीत, अण्णा. मी आत गेले, सगळ्यांपुढं बशा ठेवल्या, विचारलं त्याची उत्तरं दिली. पाहुणे गेले तेव्हा दुपार कलली होती. मी म्हणाले, "अण्णा, माझी निवड?" तुम्ही पान लावत होता. "झाली असंल आता. हे ठरलं, लई मोठं काम झालं." तेव्हाही मी स्वतःची समजूत घालत होते की तुमचा नाइलाज झाला असेल, पाहुणे अचानक आले असतील. पण उदगीरला परतल्यावर, सुट्टी संपून कॉलेज उघडलं तेव्हा सर भेटले आणि काळजीनं म्हणाले, "ताप उतरला का? वडील निवडीच्या आठवडाभर आधीच सांगून गेले, तापामुळं येता येणार नाही म्हणून." आठवडाभर आधी! म्हणजे तो आख्खा आठवडा तुम्ही सायकल घेऊन रोज माझ्यामागं येत होता. मी घड्याळ लावून पळत होते, आणि तुम्ही "आणखी थोडं, आणखी थोडं" म्हणत होता.

मला लग्नाचं दुःख नाही. नवरा भला माणूस आहे. तुम्ही सरळ सांगितलं असतं की पोरी, तुझं लग्न जमत नाही, वजन कमी कर, तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित ऐकलंही असतं. पण तुम्ही मला वेगळंच काहीतरी दिलंत, ते माझं आहे असं वाटू दिलंत, आणि मग चारचौघांत ते कधी नव्हतंच असं सांगितलंत. बूट आत्याकडंच राहिले. मी परत मागितले नाहीत.

बाईंनी बोलावलं त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "सकाळी मैदानावर ने तिला. आतापासून केलं म्हंजे पुढं अवघड जाणार न्हाई." मी विचारलं, "पुढं म्हणजे कशात?" माझ्या आवाजात काहीतरी वेगळं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "तसं नव्हं गं. पोरीला दम लागतो जिना चढताना, एवढंच." पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "मम्मी, मला बारीक करायचंय का तुम्हाला?" तेरा वर्षांची पोर, शाळेतून क्लासला, क्लासमधून दुसऱ्या क्लासला, दिवसभर बाकावर बसलेली. मी तिला जवळ घेतलं आणि खरं तेच सांगितलं, की शाळेनं वजनाचं सांगितलंय, दम लागू नये म्हणून हालचाल पाहिजे, आणि ती एकटी नाही, आम्ही तिघं जाणार. बापाचं पोट बघ, त्यालाही गरज आहे. ती हसली. "पप्पा पळणार?"

पप्पा पळाले. दुसऱ्या फेरीलाच कडेला बसले आणि पाणी मागायला लागले. पोरीला पळणं आवडलं नाही, तेही तिनं आठ दिवसांत सांगून टाकलं. मैदानाच्या कोपऱ्यात मुली कबड्डी खेळतात, तिकडं ती रमली. अंगानं भक्कम आहे, तिला कुणी ओढून नेऊ शकत नाही, मुली तिला आपल्या बाजूला घ्यायला भांडतात. मी तिला काट्यावर उभं केलेलं नाही. दम आता कमी लागतो, जिन्यावर ती माझ्या पुढं असते, तेवढं मला दिसतं. ताटात भाज्या वाढल्यात, बाहेरचं खाणं कमी झालंय, ते तिघांचंही. ती खेळते तोवर मी पळते. पाय जड झालेत, पण विसरलेले नाहीत.

हे पत्र कुठं पाठवणार? घडी घालून कपाटात ठेवीन, नाहीतर फाडून टाकीन. माझा राग आहे तेवढाच आहे, लिहून तो उतरला असं मी म्हणणार नाही. एवढंच, की परवा मैदानावर चालायला येणाऱ्या एका बाईंनी मला थांबवून विचारलं, "ताई, तुमचं पळणं शिकलेल्या माणसाचं वाटतं. कुणी शिकवलं?" मी दम घेत होते. विचार करायच्या आत बोलून गेले, "आमच्या अण्णांनी." आणि ते सांगताना, अण्णा, माझ्या आवाजात कौतुक होतं. मला ते आवडलं नाही. पण होतं.