आत्याकडे गेलाय

२३ ऑगस्ट, शनिवार. गोटमार.

प्रफुल्ल पळाला! एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला दोन विषय गेले. काल पोळ्याचं ताट समोर असताना बाबा बोलले — "नापास पोरायले पोसाले मी धर्मशाळा नाई उघडली." झालं, साहेबांना लागलं. सकाळी सहाला खाट रिकामी. बॅग नाही, मोबाईल उशीखाली. नाटकं नुसती! एकवीस वर्षांचा घोडा, पण रुसायचं अजून तिसरीतल्यासारखं. माझा धाकटा भाऊ आहे हे सांगायची लाज वाटते. भूक लागली की येईल.

मुहूर्त तरी कसा शोधला! उद्या सौसरवरून कुलदीपच्या घरचे मला पाहायला येऊन राहिले. बाबा दारं लावून कुजबुजतात, "पोरगा पळाला समजलं तं सोयरीक जमन काय?" काल एवढा मोठा आवाज होता, आज कुठे गेला?

दहा वाजता शेजारची पंचफुलाकाकू. मुलताईला लेकीच्या बाळंतपणाला जायचं म्हणे, संध्याकाळच्या गाडीनं, म्हणून किल्ली ठेवायला आली. किल्लीचा तर बहाणा! डोळे घरभर फिरत होते. "प्रफुल्ल नाई दिसत वं?" मी भेंड्या चिरता चिरता म्हटलं, "बोरगावला पाठवला, आत्याकडे." पटलं तिला. पटणारच. नववीत असताना जाम नदीवर गोटा लागून कपाळ फुटलं, तेव्हापासून दर गोटमारीला त्याला आम्ही आत्याकडेच पाठवतो. अर्धं पांढुर्णा आपली पोरं अशीच लपवतं. उरलेलं अर्धं नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांवर गोटे फेकतं.

खोटं बोलावं तर माझ्यासारखं. सुरी थांबलीसुद्धा नाही!

आई म्हणाली, "वैशाली, ठाण्यात तं सांगू..." गप बस म्हटलं. उद्यापर्यंत तरी.

२४ ऑगस्ट

पाहुणे आले. कुलदीपच्या आईनं माझी साडी, माझे केस, आमचा फ्रिज — सगळं तपासलं. कुलदीपनं फक्त पोहे तपासले, तीनदा. त्याच्या वडिलांनी विचारलं, "भाऊ कुठी हाय?" बाबा पटकन म्हणाले, "गोटमारीत ठेवत नाई आम्ही त्याले. बहिणीकडं धाडला." कुलदीपचे वडील खूश. "वा दादारावजी! संस्कार याले म्हणते."

संस्कार! आई आत फडक्यानं डोळे पुसत होती.

२५ ऑगस्ट

नाही आला. आत्याकडेही नाही. मित्रांकडेही नाही.

२९ ऑगस्ट

शाळेत स्टाफरूममध्ये राजू सरांनी विचारलं, दूधवाल्यानं विचारलं. आता आत्याला ताप आहे, म्हणून तो थांबलाय. उद्या कोणी विचारलं तर आत्याला ऑपरेशन करावं लागेल. आई जेवत नाही. बाबांचं एकच, "लोकं काय म्हणतीन." लोकं त्याच्या नावानं काही म्हणतच नाहीत हो! कोणाला माहीतच नाही तो हरवलाय.

हरवलाय. पहिल्यांदा लिहिलं.

१ सप्टेंबर, सोमवार

गेलो एकदाचे ठाण्यात. मुंशी म्हणाला, "नौ दिन से क्या कर रहे थे आप लोग?" बाबांनी प्रफुल्लचा फोटो पुढे सरकवला. ओळखीची खूण? मी सांगितलं, कपाळावर गोट्याचा व्रण. मुंशी हसला. "मॅडम, वो तो आधे पांढुर्णा को है." हसण्यासारखंच होतं ते. मलाच का राग आला?

बस स्टँडसमोरच्या दुकानात मी गेले, दुकानदाराकडे कॅमेरा आहे. आठ दिवसांचंच राहतं म्हणे, मग पुसलं जातं. आम्ही नववा दिवस गाठला. शाबास!

६ सप्टेंबर

कुलदीपच्या वडिलांचा फोन. "सध्या थांबू, पोरगा भेटू द्या." एवढ्यात संस्कार संपले वाटतं. बरंच झालं. पोहे वाचले.

१८ सप्टेंबर

बाबांनी जन्मभर आम्हाला नवस-बिवस करू दिला नाही. आणि आज प्रफुल्लच्या मित्रानं, अंकुशनं, त्यांना जामसांवलीला पाहिलं, मारुतीच्या मंदिराबाहेर! पाया पडायला नव्हते गेले. शनिवार-मंगळवारी गर्दी असते तिथे, म्हणून प्रफुल्लचा फोटो हातात धरून उभे राहतात. पण आज तर गुरुवार. रिकाम्या रस्त्याला फोटो दाखवत होते? खूप लागट बोलायचं ठरवलं होतं. घरी आले तेव्हा त्यांना पाणी दिलं फक्त.

२ ऑक्टोबर

नागपूर, दीक्षाभूमी. दरवर्षी गर्दीत तो आईचा पदर धरून चालायचा — इतका मोठा झाला तरी. मी चिडवायची. यंदा आई प्रत्येक उंच पोराच्या मागे धावत होती. एकाचा तर हातच धरला, तो बिचारा घाबरला. मी आईला ओढून आणलं आणि सगळ्यांदेखत रडले.

येऊ दे त्याला. थोबाडच फोडते. येऊ दे फक्त.

७ ऑक्टोबर

पंचफुलाकाकू परतली. किल्ली न्यायला आली, हातात पेढे, नात झाली. तिला काहीच माहीत नव्हतं. आईनं सांगितलं तसे पेढे खाली ठेवले तिनं.

"माय वं! मले तं त्याच दिवशी ठेसनावर भेटला थो, संध्याकाळी. बाकड्यावर बसून होता. मले म्हणे, काकू, घरी मले शोधून राहिले काय? म्या म्हटलं, नाई रे बाबू. वैशालीनं सांगतलं ना, तू आत्याकडं गेला म्हणून."

मी विचारलं, मग काय म्हणाला?

"मंग काई नाई. 'बरं' म्हणे. माही गाडी लागली."