शेवटचं बघणं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस, मग मी मधेच भांडते, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. कागदाला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, चार इयत्तांत जेवढं सुधारलं तेवढंच. सावकाश वाच. ऑफिसात डबा खाताना वाचू नकोस, घरी जाऊन वाच, आणि आईला दाखवू नकोस. माझीच लेक आहे, पण तिच्या हातात पत्र पडलं की ती आधी शेवट वाचते आणि मग सगळ्यांना सुरुवात सांगत सुटते.

तू गेल्याला आज तीन आठवडे झाले. पुढची खोली परत खोलीसारखी दिसायला लागली आहे. वायरींत पाय अडकत नाही, खुर्चीवर बसायच्या आधी त्यावर काही ठेवलंय का ते बघावं लागत नाही. खालचा शिंपी विचारत होता, तुमची फोटोवाली गेली का म्हणून. म्हटलं, गेली, विमा कंपनीत लागली, अर्ज तपासते. तर म्हणतो, बरं झालं आजी, कायमची नोकरी ती कायमची. मी म्हटलं, तू शिवलेल्या पँटीची उसवणही कायमचीच असते, तिला कोणी बरं झालं म्हणत नाही. त्यानं दोन दिवस बोलणं टाकलं होतं. काल बोलला, सुई हरवली तेव्हा. माझ्याकडूनच नेली.

गेल्या वर्षी तू दोन खोकी आणि एक बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, आजी, मी स्टुडिओ सोडला, आता मी स्वतंत्र काम करणार. मी विचारलं, म्हणजे कोणी बोलावलेलं नाही, असंच ना? पहिले दीड महिने ते खरंही होतं. तुला माझी ओढ होती म्हणून आलीस असं मी कधी मानलं नाही, तू खिडकीसाठी आलीस. त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही म्हणून मी तीस वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली, आत वाळत घातलेला कपडा दोन दोन दिवस दमट राहायचा. तू मात्र त्या उजेडात आपला हात धरलास, उलटा केलास, सुलटा केलास, आणि म्हणालीस, अशी खिडकी भाड्यानंसुद्धा मिळत नाही. या घरातल्या कशाचं तरी कौतुक झालं, तेही खिडकीचं. मी चहा ठेवायला गेले.

तुझं काम मला कळत नव्हतं आणि मी कळून घ्यायलाही गेले नव्हते. ते चपलांच्या दुकानाचं पहिलं काम आलं तेव्हा साठ जोड खोलीभर पसरलेले, मला स्वयंपाकघरात जायला वाट नाही. तू संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून तेच तेच फोटो बघत होतीस. मी मागून म्हटलं, तिसऱ्या बुटाच्या टाचेला पांढरा दोरा चिकटलाय. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, जसं काही कपाट बोललं. मग मी पुढच्या बुटाच्या बंदाचं भोक दाखवलं, फाटलेलं. अगं, मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत शेवटच्या टेबलावर उभी होते. धुऊन, इस्त्री होऊन चादरी माझ्यासमोरून जायच्या, डाग दिसला की मी ओढून बाजूला टाकायची. वरचे डॉक्टर काय करायचं ते करोत, पण पेशंटच्या अंगाखाली माझ्या नजरेतून न गेलेली चादर जात नव्हती. एवढं एक काम मला येतं. तू त्या दिवशी नियम करून टाकलास, की कुठलाही फोटो बाहेर जायच्या आधी शेवटचं बघणं आजीचं. तू म्हणालीस, तुला उजेड कळत नाही, आकार कळत नाही, तुला फक्त घाण दिसते, आणि मला नेमकी तीच दिसत नाही. मी म्हटलं, त्याचाच तर पगार घेतला आयुष्यभर.

मग वर्ष कसं गेलं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते विसरायच्या तयारीला लागली आहेस. तो दातांचा डॉक्टर आठवतो का, ज्याला त्याच्या खुर्चीचा असा फोटो हवा होता की बघणाऱ्याला बसावंसं वाटलं पाहिजे? खुर्ची सुरेख आली, बसावंसं काही वाटलं नाही, त्यात तुझा दोष नव्हता. ते तिघे वकील एकमेकांशेजारी उभे राहायला तयार नव्हते, तर तू तिघांना तीन दिवशी बोलावलंस आणि फोटोत खांद्याला खांदा लावून उभं केलंस, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत दिसलं. दोन दिवस नुसती बटणं. चारशे बटणांत एक उलटं पडलेलं मी पकडलं, तेव्हा तू मला मिठी मारायला आलीस आणि मी म्हटलं, आधी हात धू. गादीवाला आला, त्याला गादीवर झोपलेलं कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं मी झोपते, एरवीही पडूनच असते. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, आजी, ही गादी तरुण जोडप्यांसाठी आहे. मी मनात म्हटलं, त्यांना कुठेही झोप येते, गादी लागते आम्हाला. पण गिऱ्हाईक तुझं होतं, म्हणून गप्प बसले.

मधे दोन महिने फोन वाजला नाही. तेव्हाही तू रोज सकाळी आवरून, केस बांधून, पुढच्या खोलीत जाऊन बसायचीस, जशी कामावर गेलीस. मला ते आवडलं होतं. बोलले नाही, कारण बोललं की तुम्ही पोरं हुरळता. स्टुलावर चढून, दातांत जीभ धरून, एक पांढरा पुठ्ठा बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत तू अर्धा अर्धा तास घालवायचीस. एरवी तुला एका जागी बसवायचं म्हणजे पाऱ्याला चिमटीत धरण्यासारखं, भिंगरी नाव काय उगाच पडलं का? तर अशा पोरीला जिथे स्थिर बसता येतं ते तिचं काम, एवढं न शिकलेल्या बाईलाही कळतं.

मग भांड्यांच्या कंपनीचं काम आलं. सतरा नग, सगळे आरशासारखे चकचकीत. तू मला समजावलंस, की चकचकीत वस्तूला स्वतःचं रूप नसतं, समोर जे असेल ते ती दाखवते, म्हणून समोर पांढऱ्याशिवाय काही दिसता कामा नये. माझ्या चादरी तू मागितल्यास. मी त्यांना अशी इस्त्री केली की माशी घसरावी. चादरींचा तंबू, त्यात भांडं, आणि एका फटीतून कॅमेरा आत डोकावणारा. स्टँड एक कमी होता, म्हणून चौथा कोपरा मी धरून उभी. चार वाजता किटलीची पाळी आली, शेवटची. पहिला फोटो तू नीट तपासलास, स्वच्छ होता. मग तू कॅमेऱ्याचं हातातलं बटण दाबत राहिलीस आणि डोळे दिव्याकडे, कारण दिवा सारखा लुकलुकत होता. माझा खांदा अवघडला होता. झालं का एकदाचं, म्हणून मी फटीतून वाकून आत बघितलं. नेमका त्याच क्षणी निघालेला फोटो तोटीवरच्या उजेडामुळे तुला सगळ्यांत चांगला वाटला.

पुढचं तुला उगाळायला नको, पण मला लिहायलाच हवं. कॅटलॉग छापून आला, पहिल्याच पानावर किटली. मालकाच्या मेव्हणीनं जेवणाच्या टेबलावर विचारलं, या किटलीत ही म्हातारी कोण बसली आहे? सगळे हसले, मालक सोडून. वर्षभराची भांडी तुझ्याकडे येणार होती ती गेली, आणि दोन ठिकाणची बोलणी बातमी पोचताच थंड पडली. तू ते पान घेऊन खिडकीशी उभी राहिलीस. माझ्यावर चिडली असतीस तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं. पण तू म्हणालीस, आजी, मी चार दिवस हा फोटो उघडून बसले होते आणि मला दिसलं नाही. माझी नजरच नाही. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, तुझं जाऊ दे, या वयात तुला कसं दिसणार, मीच तुझ्यावर टाकायला नको होतं. आठ दिवसांत तुझ्या आईनं नोकरी शोधली. शोधली कसली, तिनं वर्षभर झाकून ठेवली होती, नुसतं झाकण काढलं. तू खोकी भरलीस, कॅमेरा टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलास, आणि सांगून गेलीस की शाळांत फोटो काढणारा एक जण शनिवारी तो विकत घ्यायला येईल, त्याला देऊन टाक.

तो आला होता. भला माणूस आहे, बूट बाहेर काढून आत आला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की पंधरा दिवसांनी या. म्हणाला, ताईंनी तर आज सांगितलं होतं. म्हटलं, ताईंना एक गोष्ट माहीत नाही, ती कळली की त्या तुम्हाला हो किंवा नाही सांगतील. तोंड वाकडं करून गेला. कॅमेरा कपाटातच आहे.

ती गोष्ट अशी. माझे डोळे उत्तम आहेत. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते, खालच्या शिंप्याला विचार. किटलीचा फोटो पाठवायच्या आधी तू मला नेहमीसारखं बोलावलंस, आजी, शेवटचं बघ. मी बघितलं, आणि पहिल्या झटक्यात मला मी दिसले. तोटीखाली, पोटाच्या गोलाईत, गव्हाच्या दाण्याएवढी, मान वाकडी केलेली, एक हात वर. तुला ती सावली वाटली असणार, कारण तू उजेड बघतेस आणि घाण बघायचं काम माझं, अशी आपली वाटणीच होती. मी म्हटलं, ठीक आहे, पाठव. का म्हटलं, ते तीन आठवडे स्वतःला विचारते आहे, आणि उत्तर काही फार भारी निघत नाही. या घरात तू वर्षभर फोटो काढलेस. उलथन्याचे अकरा काढलेस, कुलपाचे काढलेस, खिडकीच्या कडीचे काढलेस. माझा एक नाही. मी मागितला नाही, मागणार नव्हते, मेले तरी. पण तिथे मी आयती बसले होते, कोणाला कळणार नाही एवढीशी, आणि छापून येणार होते. मला ते आवडलं, बस्स. एकतीस वर्षांत एक डाग मी जाणूनबुजून जाऊ दिला नाही, आणि जाऊ दिला तो माझाच. तू खांद्यावर हात ठेवलास तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा मी म्हातारपणाच्या आड लपले, ते जास्त वाईट. परवा बस धरून त्या मालकाकडे गेले आणि हे सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, काम दुसऱ्याला दिलं आहे, आता काही होणार नाही. निघताना विचारलं, उरलेला एक कॅटलॉग हवा का. मी घेतला. लाज वाटली, तरी घेतला. तर आता तू ठरव. नोकरी बरी वाटत असेल तर कर, हा धंदा नको झाला असेल तर फोन कर, कॅमेरा त्याच दिवशी त्या माणसाच्या हातात देते, एक शब्द बोलणार नाही. पण तुला नजर नाही असं समजून विकणार असशील, तर ते खोटं आहे, आणि ते खोटं मी बोलले आहे. लगेच फोन करू नकोस. दोन दिवस माझ्यावर भरपूर चीड, तुझा हक्क आहे तो, मग कर. आईला काय सांगायचं ते मी सांगेन, ती माझ्यावर ओरडेल, मला सवय आहे.

तुझीच, अजून ठेवलीस तर,
आजी