रुमालाखालचा सौदा

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा सांगलीत! विश्रामबागेत जागा मिळाली. आत एक खोली, बाहेर स्वयंपाकाची, मधल्या दाराला भक्कम कडी आणि नळाला रोज पाणी. जतकडच्या आमच्या वस्तीवर निम्मं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलं, त्यामुळे नळाखाली उगाच दोनदा हात धुतले. नोकरी मार्केट यार्डात, मदनअण्णांच्या हळदीच्या अडत दुकानात. काम हिशेबाचं, पण पदवी 'दिवाणजी'! धनगराच्या पोराला लोक दिवाणजी म्हणतात हे ऐकून सोनिया फोनवर पोट धरून हसली. ती आणि आमची सहा महिन्यांची पोरगी पाडव्याच्या आधी इकडे येणार. पोरीला माझ्या आजीचं नाव, हरणा. पण थाट असा की सगळी वस्ती तिला हरणाबाईच म्हणते. निघताना तिनं माझा गाल मुठीत धरला तो सोडेचना, एसटी चुकता चुकता राहिली. अजून तो चिमटा आठवला की बरं वाटतं.

६ फेब्रुवारी
यार्डात आता सौदे उघड बोली लावून होतात. पण मदनअण्णा सत्तरीचे, आणि त्यांच्या वयाचे एकदोन व्यापारी अजून हौसेनं जुनी रीत पाळतात. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं चकार शब्द नाही. पटलं नाही तर हात मागं घ्यायचा. हात तसाच राहिला की सौदा पक्का, मग तो कुणालाच मोडता येत नाही. माल मात्र लगेच उचलत नाहीत. सवडीनं, थोडा थोडा नेतात.

दुपारी हळदीच्या धुरळ्यानं माझं तोंड भरलं. खुंटीवर अण्णांचा तो पिवळा पडलेला रुमाल होता, त्यानंच खसाखसा पुसलं. कापड गार लागलं, म्हणून तसंच तोंडावर घेऊन जरा पोत्यांवर आडवा झालो. आमचा हमाल लालासाहेब केवढ्यांदा ओरडला, "आवं दिवाणजी, काढा ते आदी! त्या कापडाखाली जे जातंय ते इकायला आलंय आसं धरत्यात." सगळे हसले. मीही हसलो. असलं तोंड घेणार कोण?

१० फेब्रुवारी
उजव्या गालावर सारख्या मुंग्या येताहेत. कानापासून सुरू होतात आणि ओठाच्या कोपऱ्याशी थांबतात. मान झटकली की जातात, थोड्या वेळानं पुन्हा हजर. दुकानात दिवसभर माशी बसलेल्या बैलागत मान उडवतोय. लालासाहेबाला करमणूक झाली आहे.

१४ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या डॉ. कीर्तींकडे गेलो. तरुण बाई, बोलायला मोकळ्या. जीवनसत्त्व कमी असेल म्हणाल्या, इंजेक्शनं लिहून दिली, मोबाइल कमी बघा असंही सांगितलं. दाताच्या डॉक्टरनं एक दाढ ठोकून बघितली, ती ठणठणीत निघाली. एवढं करूनही मुंग्या आहेतच. आता कपाळावरही येतात.

२१ फेब्रुवारी
मुंग्या नव्हेत त्या. कसं लिहू? एका जागी दाब पडतो, मग शेजारी, मग दोन्हीकडे एकदम. मग थांबणं, उत्तराची वाट बघितल्यासारखं. मी रोज अण्णांच्या शेजारी बसतो, रुमाल कसा हलतो ते बघतो. ही बोटं आहेत.

न राहवून अण्णांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तोंड मागं घेतोस न्हवं?" घेतो म्हटलं. मग त्यांनी सुस्कारा सोडला. प्रत्येक वेळी घेत जा, विसरू नकोस, म्हणाले. मग तो रुमाल घडी करून माझ्या पिशवीत घातला. ज्याचा सौदा चालू आहे त्यानंच रुमाल सांभाळायचा, टाकायचा नाही, जाळायचा नाही, अशी रीत आहे म्हणे. पलीकडून भाव लावणारं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन रुमाल ट्रंकेत अगदी तळाशी ठेवला.

२६ फेब्रुवारी
मिरजेचे मेंदूचे डॉक्टर चांगले वाटले. हातोडीनं गुडघे ठोकले, गालावर कापूस फिरवला, म्हणाले डोक्याचा एमआरआय करून घ्या, म्हणजे शंका नको. सोनियाचा भाऊ सयाजी कराडजवळ मलकापुरात अशाच एका सेंटरवर मशीन चालवतो. तिथंच जायचं ठरलं. काही तरी सापडू दे. गाठ असली तरी चालेल, तिला नाव तरी असेल.

१ मार्च
मलकापूरला जाऊन आलो. सयाजीनं स्वतः मला मशीनमध्ये झोपवलं, डोक्यावर पिंजरा बसवला आणि बजावलं, "दाजी, डोकं तसूभर हलवायचं न्हाई. हाललं की परत पयल्यापास्नं."

आत सरकलो. आवाज सुरू झाला आणि बोटं आली.

मी मान झटकणारच होतो. सयाजीचं बोलणं आठवलं. बोटं दाबून थांबली. पुन्हा दाबून थांबली. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी हललो नाही. मग सगळी बोटं गालावर घट्ट मिटली, आणि सुटली.

बाहेर आल्यावर सयाजीनं पाठ थोपटली. एवढा गप पडलेला पेशंट आजवर बघितला नाही म्हणाला. रिपोर्ट नॉर्मल.

२ मार्च
मुंग्या गेल्या. उजवा गालही गेला. दाढी करताना कापलं, रक्त बनियनवर पडलं तेव्हा कळलं.

अण्णांना म्हटलं, मशीनमध्ये हलता आलं नाही. ते खाली बसले. उद्यापासून कामाला येऊ नकोस, पगार चालू राहील, म्हणाले. मी हात पुढं केला. त्यांनी हात धरला नाही.

७ मार्च
कपाळ गेलं. उजवा डोळा मिटत नाही. डॉ. कीर्ती म्हणतात, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, आरशासमोर ओठांचा व्यायाम करा, महिन्यात बरं वाटेल. त्या मनापासून सांगतात. मीही मान डोलावतो.

थोडा थोडा नेतात. सवडीनं.

११ मार्च
डावा गाल. चहा हनुवटीवरून ओघळतो. आरशासमोर व्यायाम करत होतो. ओठ हसले — मी हसलो नव्हतो. आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

१५ मार्च
बोलणं तुटतंय. सोनियाला फोनवर काही कळेना, रडायला लागली. उद्याच निघते म्हणाली. येऊ नको म्हणायचं होतं — जमलं नाही.

१६ मार्च
आल्या दोघी. सोनियानं दारातच पदर तोंडाला लावला. हरणाबाई माझ्याकडे झेपावली आणि मध्येच थबकली. मग दोन्ही हातांनी गाल धरले माझे. धरलेले दिसले. कळलं काहीच नाही. ती रडू लागली. मीही रडलो, पण तोंड तसंच राहिलं.

सोनिया म्हणते, आपण पुण्याला दाखवू. बरं, दाखवू.

१८ मार्च
आवाज गेला. आता सगळं लिहूनच. भूक नाही. भीतीही नव्हती — आजपर्यंत.

हरणा सकाळपासून मान उडवते आहे. खेळताना, दूध पिताना. उजवीकडेच. सोनिया म्हणते माशा लय हायत हितं —

१८ मार्च, दुपार
औषधं घेऊन आलो. आतल्या खोलीत हरणा निजलेली. तोंडावर पिवळं कापड. ट्रंकेतलं. सोनियानं काल पोरीचे कपडे ठेवायला ट्रंक उपसली, मऊ जुनं कापड दिसलं — माशांसाठी — कालपासून तेच —

ओढून काढलं. गालावर खळगा पडत होता, भरत होता. पुन्हा पडत होता. पोर शांत झोपलेली.

मान धरून हलवली तिची. जोरात. ती किंचाळली. बरं झालं, रडली की हलते. पण सोनियानं बघितलं ते माझं हे तोंड आणि माझे हात — हिसकावून घेतली, मला बाहेर ढकललं, कडी घातली. "पोरीला मारताय व्हय वं!"

ओरडता येत नाही. दार बडवलं तर ती आणखी घाबरते. म्हणून लिहितोय, पान दाराखालून सरकवतो —

सोनिया, मी वेडा नाही. ते कापड तिच्यावर टाकू नको. तिला झोपवू नको. रडू दे. रडताना ती हलते, हलली की सौदा होत नाही. मी हललो नाही म्हणून —

रडणं कमी झालं.

थोपटू नको सोनिया. ऐकू येतंय मला. थोपटू नको गं. एवढं वाच. आधी तिला उठव, गाल तिकडून फिरव, मान हल